विम्याची सूट, सेफ्टी ऑडिट आणि आपला कारखाना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एप्रिलमध्ये पॉलिसी रिन्यू करायची असणाऱ्या कारखानदारांचे प्रश्न आले आहेत. त्यांतले पाच आज घेतो.

धरणगावजवळ आमचे जिनिंग-प्रेसिंग आहे. सेफ्टी ऑडिट, म्हणजे कारखान्याच्या सुरक्षेची तपासणी, केले की फायर पॉलिसीवर सूट मिळते असे एजंट म्हणतो. नक्की किती टक्के?

ठरलेला टक्का कुणीच सांगू शकत नाही. आगीच्या विम्याचे दर पूर्वी सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेले असत आणि हायड्रंट (आगीसाठीचे पाण्याचे नळ), स्प्रिंकलर (छतावरून पाणी फवारणारी यंत्रणा) असल्यास ठरलेली सूट मिळे. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन गेले. आता प्रत्येक कंपनी जोखीम बघून दर ठरवते. म्हणून तुमच्या हातात काय आहे, ते बघा.

जिनिंगला विमा कंपनी घाबरते ती कापसाच्या स्वभावामुळे. कपाशीतून खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, ठिणगी पडते. पेटलेली कापसाची गंजी वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत राहते. गाठीतही तसेच होते. म्हणून कापूस ओढणाऱ्या लाइनवर चुंबक आहे का, संशयित गाठी वेगळ्या ठेवायला मोकळी जागा आहे का, दोन गंज्यांमध्ये अंतर किती, पंप खरोखर चालतो का, हे आधी विचारले जाते.

मागे एका जिनिंगमध्ये मी डिझेल फायर पंप चालू करायला सांगितला. बटण दाबले, काहीच नाही. झाकण उघडले तर बॅटरीच्या जागी दोन सुट्या वायरी. पंपाजवळचा मजूर म्हणाला, "साहेब, बॅटरी ट्रॅक्टरले लायेल शे." म्हणजे ती ट्रॅक्टरला लावली होती. रजिस्टरात मात्र दर आठवड्याला "पंप ओके" अशी सही होती. त्या रात्री गंजी पेटली असती तर त्या सहीने काय विझवले असते? आणि अशी साधने चालू ठेवण्याच्या अटीवर सूट घेतलेली असेल, तर क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर हेच रजिस्टर मागतो.

आणखी एक. जिनिंग बंद असताना, जूनमध्ये, ऑडिट करून उपयोग नाही. यंत्रे थंड, शेड झाडलेले, मजूर गावी. डिसेंबर-जानेवारीत, कापूस जोरात येत असताना करा. मार्चपर्यंत दुरुस्त्या होतात.

जळगाव एमआयडीसीत चटईचा कारखाना आहे. ऑडिट केले, ऐंशी पानांचा रिपोर्ट विमा कंपनीला दिला. एक रुपया कमी झाला नाही. फसवणूक झाली का?

फसवणूक नाही, काम अर्धे राहिले. रिपोर्टात तुमच्याच त्रुटी लिहिलेल्या असतात. नुसता रिपोर्ट दिला म्हणजे जोखीम किती आहे, हे तुम्हीच लेखी कळवले. सूट मिळवायची तर त्या त्रुटी दूर झाल्याचे दाखवावे लागते.

एक तक्ता करा: शिफारस काय होती, काय केले, कोणत्या तारखेला, आधीचा आणि नंतरचा फोटो. त्याला अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'ब' प्रपत्र जोडा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून ते दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागतेच. मग ब्रोकरमार्फत कंपनीच्या इंजिनिअरला प्रत्यक्ष पाहणीला बोलवा, तेही रिन्यूअलच्या दीड-दोन महिने आधी. शेवटच्या आठवड्यात कुणी दराचा फेरविचार करत नाही.

ऑडिटर निवडताना त्याने काम आयएस १४४८९ या सेफ्टी ऑडिटच्या भारतीय मानकाप्रमाणे केले का, ते विचारा. आणि अर्थिंगचे माप मे महिन्यात पुन्हा घ्या. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, जमीन कोरडी पडते आणि पावसाळ्यात उत्तम दिसणारा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) निकामी ठरतो.

धुळ्यात ऑइल मिल आहे. अपघात कमी केले तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) हप्ता कमी होतो का?

नाही. ईएसआयचा दर सगळ्यांना सारखा: पगारावर मालकाचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. अपघात झाले वा न झाले, तो बदलत नाही.

फरक पडतो तो कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीत, म्हणजे ईएसआयमध्ये न बसणाऱ्या माणसांच्या विम्यात. तिथे हप्ता पगार, कामाचे स्वरूप आणि मागचे क्लेम बघून ठरतो. ठेकेदाराची माणसे विसरू नका. ठेकेदाराने भरपाई दिली नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. तीस वर्षांचा मजूर कामावर दगावला, तर महिना १५,००० रुपये वेतन धरून भरपाई १५,५९,८५० रुपये होते. त्याच्या घरच्यांचे नुकसान या आकड्याने भरून निघत नाही, म्हणून आधी एक्स्पेलरच्या, म्हणजे तेल काढणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्यावर गार्ड बसवा.

चाळीसगावहून: ऑडिटचा खर्च करण्यापेक्षा विम्याची रक्कमच कमी दाखवली तर?

कृपा करून हे करू नका. चार कोटींची मालमत्ता दोन कोटींना दाखवली आणि एक कोटीचे नुकसान झाले, तर विमा निम्माच असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे हाती साधारण पन्नास लाख येतात. ५ कोटींपर्यंतच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि ५० कोटींपर्यंतच्या 'भारत लघु उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो, निम्मा नाही. मालाचा साठा हंगामाप्रमाणे चढउतार करत असेल, तर डिक्लरेशन पॉलिसीबद्दल विचारा. त्यात वर्षातला सर्वांत मोठा साठा धरून विमा उतरवतात, दरमहा साठा कळवतात आणि वर्षअखेरीस हप्त्याचा काही भाग परत मिळतो.

दोंडाईचाला मिरचीचे छोटे युनिट आहे, आठ माणसे. बाहेरचा ऑडिटर परवडत नाही.

मग स्वतःच सुरुवात करा, संध्याकाळचा एक तास पुरतो. आग विझवायच्या प्रत्येक सिलिंडरपुढची पोती हटवा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. मेन स्विचजवळचा भुसा आणि मिरचीची भुकटी झाडा. उघड्या वायरी बंद करा. मग आठही जणांकडून एकेकदा सिलिंडरची पिन काढून तो चालवून घ्या, रिफिलची तारीख जवळ आली असेल तेव्हा, म्हणजे जुना वाया जात नाही. पहिल्यांदा हात थरथरतात. दुसऱ्यांदा नाही. या सगळ्याचे फोटो तारखेसह ठेवा आणि रिन्यूअलच्या वेळी एजंटकडून कंपनीला पाठवायला सांगा.