चेहरा जमत नाही, पाठ जमली

प्रश्न : मी 56 वर्षांची आहे, इस्लामपूरला राहते. आई 14 महिने अंथरुणावर होती, तिचं सगळं मीच केलं. ती गेल्यावर चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले. फोटोवरून तिचा चेहरा अॅक्रिलिकमध्ये आठ वेळा रंगवला. दर वेळी हार घालायच्या तसबिरीसारखाच होतो. सर म्हणतात, डोळ्यांत भाव आणा. एका रात्री मात्र वहीत कोळशाने भलतंच निघालं : मी मोरीच्या दारात पाठमोरी उभी, हातात बेडपॅन, मागे खाटेवर आई. त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले होते. यजमान म्हणतात, ही वही कुणाला दाखवू नकोस. वर्गाचं प्रदर्शन दिवाळीनंतर आहे. याला चित्र म्हणायचं का? आणि मांडू का?

उत्तर : ताई, याला चित्रच म्हणायचं. आठ चेहऱ्यांच्या वेळी तुम्ही फोटो बघत होतात. वहीत मात्र तुम्हाला जे ठाऊक आहे ते उतरलं. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवली. स्मरणचित्राला आम्ही बाजार, विहीर, बसथांबा असले विषय द्यायचो आणि माणसांची प्रमाणं तपासायचो. मुलाच्या खरोखर काय स्मरणात आहे, हे मी कधी विचारलं नाही. त्याची खंत आहे.

‘डोळ्यांत भाव आणा’ हे तूर्त बाजूला ठेवा. एडवर्ड मुंक या नॉर्वेजियन चित्रकाराची थोरली बहीण सोफी 1877 साली क्षयाने गेली, तेव्हा तो 13 वर्षांचा होता. ‘आजारी मूल’ हे चित्र त्याने 1885-86 मध्ये केलं. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. ते ओरखडे चित्रात दिसतात. प्रदर्शनात लोकांनी त्याची टिंगल केली. तरी पुढच्या 40 वर्षांत तोच विषय त्याने आणखी पाच वेळा रंगवला. त्यात उशाशी बसलेल्या बाईचा चेहरा दिसतच नाही. तिने मान खाली घातलीय, आपल्याला फक्त तिचं डोकं दिसतं. चित्रातलं दुःख मला तरी त्या वाकलेल्या मानेतच दिसतं.

आपल्याकडचे चित्रकार एम. एफ. हुसेन घ्या. जन्म पंढरपूरचा. आई गेली तेव्हा ते अगदी तान्हे होते, तिचा चेहरा त्यांना कधी आठवलाच नाही. मदर तेरेसांवरच्या त्यांच्या चित्रांत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर घेतलेलं माणूस आहे आणि चेहऱ्याच्या जागी अंधार. तेव्हा चेहरा न जमणं हा तुमच्या हाताचा दोष समजू नका.

आता माझं सांगतो. माझे वडील पाट्या रंगवायचे. उतारवयात हात कापू लागला, तेव्हा उजव्या मनगटाखाली डावा हात धरून अक्षर काढत. एकदा एका किराणा दुकानाच्या पाटीवर ‘भांडार’मधला ‘ड’ वाकडा गेला. दुकानदारासमोर मी त्यांच्या हातून ब्रश काढून घेतला आणि पाटी पुरी केली. ते काही बोलले नाहीत. शिडी धरून उभे राहिले. ते गेल्यावर मी वर्षभर त्यांचं व्यक्तिचित्र करत होतो, एकही धड झालं नाही. शेवटी नुसती शिडी काढली आणि ती धरलेले दोन हात. काढताना रडलो. चित्र मात्र रडकं झालं नाही, कारण शिडीच्या पायऱ्या नीट मोजून काढाव्या लागत होत्या.

म्हणून सांगतो, अपराधीपण रंगवायला जाऊ नका. काळा रंग, अश्रू, विझलेली पणती यांतलं काहीच नको. बेडपॅन काढा, तो कसा धरावा लागतो ते काढा. तुमच्या बोटांना ते पक्कं माहीत आहे. अॅक्रिलिक भराभर वाळतं, तुम्हाला सध्या कोळसाच बरा. मोठा कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, घ्या. चुकलेली रेघ फडक्याने पुसा, तिची सावली राहते, ती राहू द्या.

मांडायचं का, हा अगदी निराळा प्रश्न. काढताना कुणालाही विचारू नका. मांडताना विचारा, कारण त्या खाटेवर आईही आहे आणि तिला आता हो-नाही म्हणता येत नाही. पाठमोऱ्या तुम्ही तुमच्या आहात, त्या खुशाल दाखवा. आईचं उघडं पडलेलं काही चित्रात असेल तर त्यावर पांघरूण काढा. खऱ्या खाटेवरही तुम्ही ते ओढलंच असतं. यजमानांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यांच्यावर रागावू नका. त्या दिवशीचं ओरडणं त्यांनीही ऐकलं असेल. माझं शिडीचं चित्र मी नऊ वर्षं कपाटात ठेवलं होतं. सगळ्यांत आधी धाकट्या भावाला दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “दादा, तिसरी पायरी मोडकी होती.” मी ती दुरुस्त केली.

तुम्हाला भावंड असेल तर दिवाळीला घरी आल्यावर आधी त्याला दाखवा.