'मलाच' मधला 'च'

(एका खासगी अनुदानित शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिकेचं पत्र: तीन आठवड्यांपूर्वी त्यांना डावलून कनिष्ठ सहकाऱ्याला मुख्याध्यापक केलं. झोप उडाली म्हणून त्या समुपदेशकांकडे जाऊ लागल्या. तिसऱ्या भेटीत बाईंनी विचारलं, "हे पद तुम्हालाच मिळालं पाहिजे, असा जगाचा नियम आहे का?" त्या रिक्षात रडत घरी आल्या. विचारतात, "मी आधाराला गेले होते, उलटतपासणीला नाही. जाणं बंद करू का?")

प्रिय ताई,

तुमचं म्हणणं खरं धरलं, तर तुमच्यावर अन्याय झालाय. हे आधी लिहिते, कारण त्या खोलीत ते कुणी म्हणायचं राहून गेलं असावं. जखम इतकी ताजी असताना तो प्रश्न टाकण्यात घाई झाली, असं मला वाटतं.

तरी जाणं बंद करू नका. तो प्रश्न जुन्या घराण्यातला आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास समजुतींना प्रश्न विचारण्याची ही पद्धत मांडली, ती एपिक्टेटसचा हात धरून. एपिक्टेटस हा प्राचीन काळातला ग्रीक; एकेकाळी गुलाम होता, पुढे तत्त्वज्ञ झाला. त्याचं सांगणं असं, की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलच्या त्याच्या समजुती करतात. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ही पद्धत रुजवली.

आता तुमचंच पत्र घ्या. मी पेन्सिलीने तीन ठिकाणी खूण केली आहे. "हे पद मलाच मिळायला हवं होतं." "आता शाळेत तोंड दाखवणं शक्यच नाही." "मी कुचकामीच." पहिल्या वाक्यातला 'च' काढून मोठ्याने वाचा. दुःख राहतंच, रागही राहतो, आणि दोन्ही राहायला हवेत. फक्त जगाने आपलं ऐकलंच पाहिजे ही सक्ती सुटते, आणि माझ्या मते झोप तिथेच अडकली आहे. तिसऱ्या वाक्यातला 'च' काढून मात्र भागणार नाही. तिथे पुरावा मागा. चौथीपर्यंत अक्षर न ओळखणारा मुलगा तुमच्या हाताखाली धडा वाचायला लागला, हे त्याच पत्रात शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय. बाई हेच विचारत होत्या. त्या तुमच्या दुःखाशी भांडत नव्हत्या, अशा वाक्यांशी भांडत होत्या.

आणि विवेक म्हणजे मुकाट्याने गिळणं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९७७च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानुसार बढतीत डावललं गेल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. अशा अपिलाला उशीर करू नये. तुमचे तीन आठवडे गेलेत, म्हणजे वकिलांना याच आठवड्यात भेटा.

पुढच्या भेटीत बसल्या बसल्या बाईंना सांगा: "मागच्या वेळी मला फार लागलं. आज आधी दहा मिनिटं नुसतं ऐका, मग प्रश्न विचारा." चांगल्या समुपदेशकाला हे ऐकायला आवडतं. त्यांनी तेही उडवून लावलं, तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरं कुणी शोधू.

तुमची,
ताई