वेगवान मोबाइल ब्राउझर काढतोयस? मग हे आधी वाच

इंजिन, म्हणजे वेब पान वाचून स्क्रीनवर मांडणारा भाग, स्वतः लिहायचा विचार असेल तर आत्ताच सोड आणि क्रोमियम (क्रोम ज्यावर उभा आहे तो खुला कोड) घे. गूगलनेसुद्धा 2013 मध्ये ब्लिंक हे क्रोमचं इंजिन शून्यातून लिहिलं नाही, वेबकिट या आधीच्या इंजिनमधूनच फोडून काढलं.

मग ‘वेगवान’ म्हणजे नेमकं काय, ते कागदावर लिही. ॲप उघडायचा वेळ? पान दिसायचा? की स्क्रोल? 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या, स्क्रीनवर एका फ्रेमला (चित्राला) जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. मोजणी मात्र कमी रॅमच्या जुन्या फोनवरच कर. मी एकदा नव्याकोऱ्या फोनवरचे आकडे बघून खूश झालो होतो. साध्या फोनवर दुसरा टॅब उघडला की पहिला मेमरीतून उडायचा; परत आलं की पान नव्याने लोड, अर्धा भरलेला फॉर्म गायब! वापरणाऱ्याच्या लेखी तो ब्राउझर मंदच. जाहिराती आणि ट्रॅकर अडवलेस तर बरीच बचत तिथेच होते, हे जाता जाता.

रिलीजचं वेळापत्रक पूर्णपणे तुझ्या हातात नसतं. क्रोमने 2021 मध्ये नव्या आवृत्त्यांचं सहा आठवड्यांचं चक्र चारवर आणलं. क्रोमियमच्या मूळ कोडमधली सुरक्षेची दुरुस्ती जाहीर झाली की तुझी जुनी आवृत्ती उघडी पडते. म्हणून स्वतःचे बदल मोजक्या फायलींत ठेव, नाहीतर प्रत्येक मर्जला, म्हणजे मूळ कोडचे नवे बदल आपल्यात मिसळताना, घाम फुटेल.

आधी बीटा (चाचणीची आवृत्ती), मग प्ले स्टोअरवर 1 टक्का लोकांना. क्रॅश वाढले तर तिथेच थांबव. ज्यांनी घेतली त्यांची आवृत्ती मागे नेता येत नाही. दुरुस्ती वाढीव व्हर्जन कोडनेच (आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकाने) पाठवावी लागते.