घाऱ्या डोळ्यांचा धडा शिकवताना
जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत नव्याने जीवशास्त्र शिकवणाऱ्या तुम्हाला माझा आग्रह आहे, की तपकिरी रंग प्रभावी आणि निळा अप्रभावी, एवढा तक्ता काढून थांबू नका. बुबुळात निळे रंगद्रव्य नसतेच. पुढच्या थरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य अत्यल्प असले की प्रकाश विखुरतो आणि डोळा निळा दिसतो, तर मेलॅनिन वाढेल तसा तो घारा, मग गडद तपकिरी होतो. १५व्या गुणसूत्रावरील ओसीए२ हे जनुक आणि त्याचे नियमन करणारा शेजारच्या एचईआरसी२ या जनुकातील भाग यांचा वाटा मोठा असला, तरी इतर अनेक जनुकेही त्यात सहभागी असतात. त्यामुळे काळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना घारे मूल होऊ शकते, हे स्पष्ट सांगा. अशा मुलावरून आईवर संशय घेणे अत्यंत अन्यायाचे आहे. विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातील डोळ्यांची वंशावळ मात्र काढायला लावू नका.