फादर धर्मग्राम सोडून अमेरिकाभर चालत कसे जाऊ शकतात? आणि ही गर्भपातविरोधी पदयात्रा म्हणजे प्रार्थना की राजकारण?

तुमच्या ओळखीचे फादर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून वॉशिंग्टनला निघणाऱ्या गर्भपातविरोधी पदयात्रेत सामील होताहेत, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: आपलं धर्मग्राम, म्हणजे त्यांच्याकडे सोपवलेलं चर्च आणि तिथले लोक, सोडून ते जाऊ कसे शकतात, चालण्याखेरीज तिथे त्यांचं काम काय, आणि याला भक्ती म्हणायचं की राजकारण. जाता जाता स्त्रीभ्रूणहत्येचाही उल्लेख केलात. मी मूळची वसईची, आता इंडियाना राज्याच्या पश्चिम टोकाला राहते. अशी तुकडी मुक्कामाला आली की चर्चच्या हॉलमध्ये भात-चिकन शिजवणाऱ्या बायकांत मी असते. म्हणजे हे उत्तर स्वयंपाकघरातून आलंय असं समजा. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण टाचा सोललेले फादर जवळून पाहिलेत.

आधी यात्रेबद्दल. या प्रकारातली सगळ्यात ओळखीची यात्रा म्हणजे 'क्रॉसरोड्स'. 1993 च्या ऑगस्टमध्ये पोप दुसरे जॉन पॉल डेन्व्हरला जागतिक युवा दिनासाठी आले होते. तिथे त्यांनी तरुणांना सांगितलं की रस्त्यावर, चारचौघांत जायला घाबरू नका. ओहायोतल्या स्ट्युबेनव्हिल इथल्या फ्रान्सिस्कन युनिव्हर्सिटीच्या काही विद्यार्थ्यांनी ते शब्दशः घेतलं आणि 1995 मध्ये चालायला सुरुवात केली. त्याच वर्षी मार्चमध्ये पोपचं 'इव्हान्जेलियम व्हिटे' हे जीवनाच्या पावित्र्यावरचं परिपत्र निघालं होतं. पुढे सिॲटल, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस अशा तीन ठिकाणांहून तुकड्या निघू लागल्या. मे महिन्यात निघायचं, ऑगस्टच्या मध्याला वॉशिंग्टन गाठायचं. अंतर तीन हजार मैलांच्या आसपास, म्हणजे आपले जवळपास पाच हजार किलोमीटर.

आपल्याकडच्या माणसाला लगेच वारी आठवते. पण वारीत प्रत्येक जण आपापली वाट पायाखालून घालतो. इथे तसं नाही. इथे पाळ्या असतात. एक-दोघं रस्त्यावर, बाकीचे मागे-पुढे असणाऱ्या मोठ्या गाडीत झोपलेले, खात असलेले नाहीतर जपमाळ करत बसलेले. दिवसपाळी संपली की रात्रपाळी. असं चाललं तरच बारा आठवड्यांत देश ओलांडता येतो. बहुतेक इंटरस्टेट महामार्गांवर पायी चालायला बंदी आहे, म्हणून जुने हमरस्ते धरावे लागतात. आमच्या इथून जाणारा यूएस 40 हा त्यातलाच एक. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, आणि कडेला चालायला दीड हात जागा. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून डाव्या कडेने चालतात, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. याला गंमत समजू नका. 2012 च्या जुलैमध्ये इंडियानातच या यात्रेतल्या एका तरुणाचा गाडीची धडक बसून मृत्यू झाला.

आता परवानगीचं. चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना वर्षाला जास्तीत जास्त एक महिना सुटी घेता येते, वार्षिक तपसाधनेचे (प्रार्थनेसाठी एकांतात राहण्याचे) दिवस त्यात मोजत नाहीत. आठवड्यापेक्षा जास्त दिवस बाहेर राहायचं तर बिशपांना कळवावं लागतं. म्हणजे मुख्य फादर पूर्ण तीन महिने चालणार असतील, तर बिशपांनी त्यांच्या जागी कोणाची तरी व्यवस्था केलेली असणार. नाहीतर ते एखादा टप्पा चालून परत येणार, आणि हेच मी जास्त पाहिलंय. एखाद्या धर्मसंघाचे फादर असतील तर बिशपांच्या जागी त्यांच्या वरिष्ठांचा शब्द. शिवाय अमेरिकेत 2002 मध्ये धर्मगुरूंची लैंगिक अत्याचाराची प्रकरणं उघडकीस आल्यापासून नियम फार कडक झालेत. बाहेरून आलेल्या फादरांना दुसऱ्या धर्मप्रांतात, म्हणजे दुसऱ्या बिशपांच्या हद्दीत, लोकांसमोर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायची तर आपल्या बिशपांकडून चारित्र्याबद्दलचं पत्र आधी पाठवावं लागतं. तीन महिन्यांच्या वाटेवर किती धर्मप्रांत लागतात याचा विचार करा. चालण्याआधीच निम्मी यात्रा टपालात होते, असं आमच्या चर्चच्या ऑफिसातली बाई म्हणते. ते पत्र नसेल तर ती कोणालाही वेदीजवळ फिरकू देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तिथे फादर करतात काय? रोजची मिस्सा. एका लहान बॅगेत प्याला, तबक, ओस्ती (मिस्सेत वाटायच्या भाकरीच्या पातळ चकत्या), द्राक्षारस, मेणबत्त्या आणि अंथरायचं पांढरं कापड, एवढा संसार. जवळ चर्च नसेल तर कॅम्पिंगच्या बाकावर किंवा मोटेलच्या टेबलावर. दिवसातल्या ठरलेल्या वेळांच्या प्रार्थना चालता चालता, बहुतेक जण हल्ली मोबाइलवरच वाचतात. शनिवारी गर्भपात केंद्राबाहेर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, रविवारी वाटेतल्या चर्चमध्ये प्रवचन. हे सगळं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं.

पत्रिकेत न लिहिलेलं काम वेगळंच आहे. आमच्याकडे आलेले एक फादर भर उन्हाळ्यात गळ्याला फादरांची ती पांढरी कॉलर लावून चालत. आमच्यातल्या एका आजींनी काळजीने म्हटलं, फादर, निदान दुपारी तरी काढा ती. ते म्हणाले, कॉलर काढली तर गाड्या थांबणार नाहीत. तुकडीतल्या मुलामुलींच्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत 'प्रो-लाइफ', म्हणजे गर्भपातविरोधी, लिहिलेलं असतं. ते वाचून कोणी हॉर्न वाजवतं, कोणी अंगठा वर करतं, कोणी मधलं बोट दाखवतं, कोणी थंड पेयाचा ग्लास फेकतं. पण कॉलर बघून जे थांबतात ते वाद घालायला क्वचितच थांबतात. एखादा ट्रक पुढे जाऊन कडेला लागतो, आतला माणूस उतरतो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या प्रेयसीबद्दल बोलायला लागतो. एखादी आजी होण्याच्या वयाची बाई म्हणते, फादर, मी कॅथलिक नाही, पण दोन मिनिटं आहेत का? कोणाला पापनिवेदन करायचं असेल तर खिशात घडी घातलेली जांभळी स्टोल (त्या वेळी घालायची कापडी पट्टी) असते, ती गळ्यात येते, आणि दोघं बाकीच्यांपासून पन्नास पावलं मागे राहून चालू लागतात. तिथे काय बोलणं होतं ते कोणालाच कळत नाही, कळायचंही नाही. पापनिवेदनाचं गुपित फादरांना जिवावर बेतलं तरी फोडता येत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. आपल्या बिशपांनी पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दिला असेल तर फादर तो जगात कुठेही वापरू शकतात, त्या-त्या ठिकाणच्या बिशपांनी मनाई केली नसेल तर. म्हणून नेब्रास्काच्या रस्त्यावर कॅलिफोर्नियाचे फादर क्षमा देऊ शकतात. गर्भपाताच्या बाबतीत मात्र आणखी एक अडथळा असायचा. चर्चच्या नियमात त्याला आपोआप लागू होणारा बहिष्कार आहे, आणि तो उठवण्याचा अधिकार मुळात बिशपांकडे असे. अमेरिकेतल्या बहुतेक बिशपांनी तो आधीच आपल्या धर्मगुरूंना दिला होता. पोप फ्रान्सिस यांनी दयेच्या ज्युबिली वर्षासाठी जगभरच्या सगळ्या धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याचा अधिकार दिला आणि 2016 च्या नोव्हेंबरमध्ये तो कायमचा केला. मला विचाराल तर फादरांनी या यात्रेत असण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. घोषणा विद्यार्थी देऊ शकतात, भाषण कोणीही करू शकतं. हे एक काम फक्त फादरच करू शकतात, आणि ज्या बाईला आपल्या गावातल्या फादरांसमोर तोंड उघडायची हिंमत होत नाही, तिला पुन्हा कधी न भेटणारा वाटसरू सोपा जातो. चांगले फादर अशा वेळी 'प्रोजेक्ट रेचल'चा पत्ताही देतात. गर्भपातानंतर सावरायला मदत करणारं हे काम 1984 मध्ये मिलवॉकीत सुरू झालं.

केंद्राबाहेरचा शनिवार मला तेवढा आवडत नाही. कायद्याने दार अडवता येत नाही, 1994 पासून तो केंद्रीय गुन्हा आहे. कोलोरॅडोत तर दवाखान्याच्या दारापासून शंभर फुटांच्या आत, समोरच्या माणसाने हो म्हटल्याशिवाय, पत्रक द्यायला किंवा समजवायला त्याच्या आठ फुटांजवळ जाता येत नाही. मी पाहिलेल्या तुकड्या हे पाळतात, गुडघे टेकून जप करतात. पण त्याच पदपथावर ओरडणारे दुसरेही लोक उभे असतात, आणि आत जाणाऱ्या घाबरलेल्या मुलीला कोण कुठला हे कसं कळावं? कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात 2009 मध्ये गर्भपात करणारे डॉक्टर जॉर्ज टिलर यांना त्यांच्याच चर्चमध्ये गोळी घातली गेली. ती आठवण मनात असलेल्या परिचारिकेला जपमाळ धरलेला हातही भीतीचा वाटू शकतो. फादरांनी हे ध्यानात ठेवून उभं राहावं, एवढंच माझं म्हणणं.

आता भक्ती की राजकारण. सिंधुदुर्ग-बेळगावहून लोक डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात चालत जातात, ते संत फ्रान्सिस झेवियरकडे. ही यात्रा मात्र एखाद्या संताच्या समाधीपाशी संपत नाही. ती संपते कॅपिटॉलपाशी, देशाच्या संसदेसमोर, सभेने. वाट प्रार्थनेची आहे आणि मुक्कामाचं ठिकाण राजकारणाचं आहे. 'आम्ही फक्त प्रार्थना करतो' असं कोणी सांगितलं तर मी मान डोलावत नाही. अर्थात त्याला मर्यादा आहेत: चर्चच्या नियमाने फादरांना पक्षाचं काम करता येत नाही, आणि 1954 पासूनच्या अमेरिकी करकायद्यानुसार करमुक्त संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला मनाई आहे. मुद्द्यावर बोलायला मोकळीक आहे. आणि बोलायचं ते आपल्याच लोकांपुढे, जे काही एकमताचे नाहीत. जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू संस्थेच्या पाहण्यांत अमेरिकेतले दहापैकी जवळपास सहा कॅथलिक म्हणतात की गर्भपात सगळ्या किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा. रविवारी प्रवचनाला उभे राहिलेल्या फादरांसमोर हेच लोक बसलेले असतात.

जीवन पवित्र आहे या म्हणण्याची खरी परीक्षा मी आमच्या टेरे हॉट गावात पाहिली. केंद्र सरकार ज्या तुरुंगात मृत्युदंड देतं तो तुरुंग इथे आहे. 2020 च्या जुलैपासून 2021 च्या जानेवारीपर्यंत इथे तेरा जणांना मृत्युदंड दिला गेला. गावाबाहेर सेंट मेरी-ऑफ-द-वुड्स इथे सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्सचं मुख्य घर आहे, संत मदर थिओडोर गेरँ यांनी उभं केलेलं. त्यातल्या सिस्टर्स मृत्युदंडाविरुद्ध वर्षानुवर्षं उभ्या राहत आल्यात. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही मृत्युदंड कधीच मान्य नाही असं लिहून घेतलं. तर आमच्या हॉलमध्ये जेवताना एका निवृत्त नर्सने त्या कॉलरवाल्या फादरांना सरळ विचारलं, तुरुंगासमोरही जपमाळ करणार का? टेबलावर शांतता. तुकडीतल्या एक-दोघांच्या कपाळावर आठ्या स्पष्ट दिसल्या. फादर जेवण संपवून उठले, कोणाची तरी गाडी मागितली आणि गेले. तुकडीतले सगळे काही त्यांच्याबरोबर गेले नाहीत. त्या रात्री भांडी घासताना आमच्यात यावरून बरीच जुंपली, पण दुसऱ्या दिवशीचं त्यांचं प्रवचन सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं, ज्यांना पटत नाही त्यांनीसुद्धा.

तुमच्या प्रश्नात स्त्रीभ्रूणहत्येचा उल्लेख आहे म्हणून सांगते, ही गल्लत करू नका. महाराष्ट्रात 1988 मध्ये आणि देशभर 1994 मध्ये कायदे आले ते गर्भलिंगनिदानाविरुद्ध; गर्भपात आपल्याकडे 1971 च्या कायद्याने ठरावीक अटींवर चालतो आणि त्यावरून निवडणुका होत नाहीत. कॅथलिक चर्चचा विरोध गर्भ मुलीचा की मुलाचा यावर अवलंबून नाही, भारतातही नाही. इथे तर 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा 'रो' निकाल रद्द केल्यापासून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा झालाय. इंडियानात 2023 पासून जवळजवळ पूर्ण बंदी, आणि आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, इलिनॉयच्या हद्दीत, परवानगी. चालणाऱ्याला सीमा ओलांडल्याचं एका पाटीवरून कळतं.

फादरांना काही पाठवायचं म्हणत असाल तर पवित्र चित्रं वगैरे नकोत, ती त्यांना वाटेत ढीगभर मिळतात. लोकरीचे मोजे पाठवा. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड येतात.