माव्याला पाकीटच नाही

मागच्या अंकात मी हिरड्यांवर लिहिलं होतं, पण पत्रं आली ती जवळजवळ सगळी तंबाखूवर. कोल्हापुरात मंगळवार पेठेत तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतोय, तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत.

आमचे मालक यंत्रमागावर रात्रपाळी करतात. वय एकोणचाळीस. रात्रीत तंबाखू-सुपारीचे पाच-सहा मावे होतात. हल्ली तिखट अजिबात सोसत नाही, मटण केलं तरी नुसता पांढरा रस्सा पितात. तोंडही पहिल्यासारखं उघडत नाही. दवाखान्यात चला म्हटलं की ‘उष्णता झालीय’ म्हणतात. काय करू? – एक भगिनी, इचलकरंजी

ताई, ही उष्णता नव्हे. आज संध्याकाळी एवढंच करा. त्यांना म्हणावं, अंगठ्याशेजारची तीन बोटं जोडा, उभी धरा आणि पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं सहज मावतात. दोनच मावली तर त्याच आठवड्यात दाखवा. एकच मावलं तर दुसऱ्या दिवशी. माझ्याकडे तालमीतला एक गडी आला होता. मान खांबासारखी, दंड माझ्या मांडीएवढे, आणि तोंडात करंगळी जाईना. घरची माणसं भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवत होती.

या दुखण्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. गालाच्या आतली मऊ कातडी आखडून चामड्यासारखी होते, पांढरी पडते, तिखट लागलं की आग होते. याचं मूळ कारण सुपारी. लोक तंबाखूला शिव्या घालतात आणि सुपारीला सोडून देतात, कारण ती पूजेला चालते, बोलणी पक्की करायला चालते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखू नसलेल्या, नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. म्हणून ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी चघळतो’ याला मी सोडणं म्हणत नाही.

टपरीवर मावा होताना एकदा नीट बघा. प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यावर सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू, त्यावर चुन्याचं पाणी. मग गाठ मारायची आणि तळहातांमध्ये घोळ घोळ घोळायचं, पार गरम होईपर्यंत. त्यातला चुना चवीसाठी नसतो. चुन्यामुळं तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालातून झटक्यात रक्तात उतरतं. गालावर व्रण पडतो तो नेहमी गोळी जिथं ठेवायची त्याच जागेवर. मी गाल उलटा केला की सांगू शकतो, हा माणूस डाव्या बाजूला ठेवतो की उजव्या.

आता सोडवायचं कसं? रात्री मागावर डोळा लागू नये म्हणून ते खातात, हे आधी मान्य करा. मी स्वतः कॉलेजच्या वसतिगृहात चार वर्षं तंबाखूचा बार भरलाय, त्यामुळं उपदेशाचा किती उपयोग होतो ते मला ठाऊक आहे. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस जीव खालीवर होतो, डोकं धरतं, घरच्यांवर ओरडणं होतं. दोन-तीन आठवड्यांत तलफ बरीच बोथट होते. त्या आठवड्यांत भांडण काढू नका. औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगम मिळतं, दोन मिलिग्रॅमचं. पण ते चिंगमसारखं कचाकचा चघळायचं नसतं. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायचं, परत थोडं चावायचं. मावा खाणाऱ्याला ही कला शिकवावी लागत नाही! तोंडच उघडत नसेल तर मात्र च्युइंगमचा हट्ट नको. डॉक्टरांना विचारून दुसरं काही घ्या.

आणखी एक. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा एखादी जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. तुकडा काढला की कर्करोग पसरतो, ही टपरीवरची विद्या आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. दुर्दैवानं तसं काही निघालंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, तेव्हा पैशाच्या धास्तीनं घरी बसू नका.

आमच्या शाळेच्या फाटकासमोर टपरी आहे. सातवीतली मुलं मधल्या सुट्टीत तिथं दिसतात. कायदा आहे म्हणतात, पण नेमका काय? – शिक्षक, करवीर तालुका

गुरुजी, कायदा 2003 सालचा आहे, सरकारी बोलीत ‘कोटपा’. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरवर, तंबाखूचं काहीही विकता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठंच विकता येत नाही. दंड किती? जास्तीत जास्त दोनशे रुपये. एवढे तर टपरीवाला सकाळच्या चहाच्या गर्दीत वसूल करतो. पण हत्यार दुसऱ्या कायद्यात आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या 77 व्या कलमाखाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीत हे कलम लिहा. वाचणाऱ्याची बसण्याची पद्धत बदलते.

आणि आधी आपलं फाटक बघा. शंभर यार्डांचा फलक लावणं ही शाळेचीच जबाबदारी आहे. माझ्या दवाखान्याजवळच्या एका शाळेसाठी मी अर्ज केला होता. संबंधित कार्यालयानं मला विचारलं, ‘फलक आहे का?’ नव्हता. फलक लागला आणि टपरी चाळीस पावलं सरकली. टेपनं मोजलं तर अजून शंभर यार्डांच्या आतच! दुसरा अर्ज केला, त्याचं उत्तर अजून यायचंय.

सर, एवढं नुकसान होतं तर सरकार तंबाखू सरळ बंद का करत नाही? महसूल हवा म्हणूनच ना? – महाविद्यालयीन विद्यार्थी, राजारामपुरी

महसूल हे एक कारण आहेच, पण तेवढ्यावर थांबू नका. भूताननं बंदी करून बघितली आहे. 2004 मध्ये विक्री बंद केली, 2010 मध्ये कायदा आणखी कडक केला. माल आपल्या बाजूनं चोरून जातच राहिला. शेवटी 2021 मध्ये, कोविडच्या दिवसांत, सीमेपलीकडून तस्करांबरोबर आजारही येईल या धास्तीनं त्यांनी बंदी उठवली. आपल्याकडचं उदाहरण तर समोरच आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे आणि दरवर्षी तिची मुदत वाढते. तरी कर्नाटकातून आलेला गुटख्याचा टेम्पो पकडल्याची बातमी कोल्हापूरच्या पेपरात वरचेवर असते. बंदीचा उपयोग शून्य झाला असं मी म्हणणार नाही. दुकानाच्या दारात झळकणाऱ्या रंगीत माळा गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गुटख्याची जागा माव्यानं घेतली, हेही त्याच डोळ्यांनी पाहिलंय.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. तंबाखूविरोधी धोरणाचा सगळा साचा सिगारेट डोळ्यापुढे ठेवून घडवलेला आहे. 2005 मध्ये तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार अमलात आला. भारतानं त्याच्या आदल्या वर्षीच त्याला मान्यता दिली होती. करार चांगलाच आहे. जगातले शंभरातले ऐंशी तंबाखूवाले गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि अशा देशांना त्यानं बळ दिलं. उरुग्वे हा आपल्या राज्याच्या तुलनेत चिमुकला देश. त्यानं पाकिटाचा 80 टक्के भाग इशाऱ्यानं भरला, तर फिलिप मॉरिस या बड्या सिगारेट कंपनीनं 2010 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं. 2016 मध्ये कंपनी हरली आणि उरुग्वेच्या खर्चापोटी सत्तर लाख डॉलर भरायची पाळी तिच्यावर आली. वाचून बरं वाटलं. आपणही त्याच 2016 मध्ये पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्र आणलं.

पण आता आपल्या गल्लीत या. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात शंभरातले चौवीसहून अधिक प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले, आणि ओढणारे चारहून कमी. मावा प्लास्टिकच्या तुकड्यात मिळतो. चित्र छापणार कुठं? 2018 पासून पाकिटावर व्यसनमुक्तीचा फुकट दूरध्वनी क्रमांक असतो, 1800-11-2356. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही त्याचं केंद्र आहे. माझ्या माव्यावाल्या पेशंटांपैकी एकालाही तो माहीत नव्हता, कारण त्यांच्या हातात पाकीट कधी पडलेलंच नाही. सार्वजनिक जागी धूम्रपानाला 2008 पासून बंदी आहे. मावा खाणाऱ्याला तिचं काय? तो एसटीत तुमच्या शेजारी बसून आरामात गाल फुगवतो. फार तर खिडकीकडची जागा मागतो.

राहिला कर. फिलिपाइन्सनं 2012 मध्ये सिगारेटवरचा कर मोठा वाढवला आणि त्यातला बराच पैसा गरिबांच्या आरोग्यविम्याकडे वळवला. किंमत वाढली की आधी गळतात ते तुमच्या वयाचे आणि खिशात कमी पैसे असलेले, म्हणून हे हत्यार मला सगळ्यांत धारदार वाटतं. आपण मात्र 2017 मध्ये जीएसटी आणताना सिगारेटवर वेगळा अधिभार लावला आणि विडीला तो माफ केला. माव्याचा तर प्रश्नच मिटला. त्याला पावती कुठली?

तेव्हा तुम्हाला काही मागायचंच असेल तर ‘बंद करा’ एवढंच मागू नका. सुट्या तंबाखूचा आणि सुपारीचा माल टपरीपर्यंत पोचतो कसा, त्यावर कर कुठं लागतो आणि कुठं गळतो, हे विचारा.

डॉक्टर, तुम्हाला बोलायला सोपं आहे. आमच्या तीन पिढ्या तंबाखूवर जगल्या. शेतकऱ्याचं काय? – शेतकरी, कागल तालुका

दादा, आमचंही रान तुमच्याच बाजूला होतं. शेंडे खुडून आल्यावर हाताला काळा चिकट चीक बसायचा, तो राखेनं घासला तरी भाकरी कडूच लागायची. माझी आत्या निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर बांधून जायची आणि रात्रभर खोकायची. 1981 मध्ये शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी निपाणीला महामार्ग अडवला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. वडील भाकऱ्या बांधून तिथं गेले होते. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. ज्या पिकासाठी माणसं मेली त्याला विष म्हणताना माझी जीभ आजही अडखळते, हे कबूल करतो.

पण आमच्या रानात तंबाखू कुणाच्या भाषणानं थांबली नाही. पाणी आलं, ऊस आला, तंबाखू गेली. कोरडवाहू जमिनीत दुसरं काही पैसे देत नव्हतं म्हणूनच ती होती. जागतिक करारातही तंबाखू पिकवणाऱ्यांना पर्याय देण्याचं कलम आहे. ते तुमच्या बांधापर्यंत आलं नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे आणि ती माझ्याविरुद्ध नाही. (उसानं पुढं काय केलं, ते लिहायला हा स्तंभ पुरायचा नाही.)

आमची आजी पन्नास वर्षं मिसरी लावते. म्हणते, दात पक्के राहतात. तिचे दात खरंच पक्के आहेत. या वयात सोडायला लावावं का? – नात, गडहिंग्लज

दात पक्के दिसतात, कारण मिसरीनं हिरडी बधिर होते आणि दुखणं कळतच नाही. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. आमच्या घरी आई भाजायला बसली की आम्ही पोरं ठसकत अंगणात पळायचो. दात घासण्याच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून मनाई आहे, पण घरच्या तव्यावर कुठला निरीक्षक येणार? घरात कुणी पोटुशी असेल तर मात्र तिच्या हाती डबी लागू देऊ नका. पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं.

आजींना वयावरून सूट द्यायला माझा जीव होतो, पण आधी खालच्या ओठाच्या आतली बाजू बघू दे. शनिवारी दुपारी माझ्याकडे गर्दी कमी असते, घेऊन या. डबीही आणा. ‘डॉक्टरांना दाखवायची आहे’ म्हणालात तर देतील. ‘टाकायची आहे’ म्हणालात तर कमरेची काही निघायची नाही.