तोडलेल्या फांदीची जखम

प्रश्न : मोठी फांदी तोडल्यावर झाडाची जखम भरून येते का? आणि एखादेच झाड तोडल्याने पर्यावरणात असा कितीसा फरक पडतो?

उत्तर : आपल्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही, झाड ती आतून बंदिस्त करते. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवले, की जखमेभोवतीच्या पेशी कुजण्याला अडवणाऱ्या भिंती उभारतात आणि पुढची वाढ त्या भागावरून होत जाते, मात्र इजा झालेले लाकूड आत तसेच राहते. फांदी खोडाला मिळते तेथे सालीचा एक फुगीर, सुरकुतलेला कडा दिसतो. काप त्याच्या लगेच बाहेर हवा, कारण जखम झाकणारी नवी साल तेथूनच वाढते. ‘सफाईदार’ दिसावे म्हणून खोडालगत सपाट कापणे, हे माझ्या मते छाटणीतले सर्वांत महागडे नीटनेटकेपण आहे.

राहिला दुसरा प्रश्न. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो आणि लाकूड जळल्यास प्रत्येक किलो कार्बनामागे सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सावली आणि बाष्पोत्सर्जनाचा गारवा तर त्याच दिवशी संपतो. मुळे मात्र सावकाश कुजतात, त्यामुळे उतारावरील मातीची पकड काही वर्षांनी, झाड तोडल्याचा विसर पडल्यावर, सुटू लागते. त्याजागी लावलेल्या रोपाला तेवढा पर्णसंभार येण्यास कित्येक दशके लागतात.